संत्र्याच्या पानाची रंध्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी

स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘एसईएम’मध्ये, नमुना निर्वात कक्षात ठेवावा लागतो, आणि ताज्या पानाचे निम्म्याहून अधिक वजन तर पाण्याचेच असते. हे पाणी पानाचा आकार न बिघडवता काढून घेणे हेच यातले मुख्य काम आहे. आपण यंत्रासमोर बसतो तोवर छायाचित्र कसे येणार हे बहुतांशी ठरून गेलेले असते, म्हणून पुढे तयारीवरच अधिक भर दिला आहे.

नमुना म्हणून नागपुरी संत्र्याचे पूर्ण वाढलेले, पण कोवळीक नुकतीच गेलेले पान घ्यावे. काटोल किंवा कळमेश्वरकडच्या बागेतून फांदी तोडून शहरात आणेपर्यंत पान मलूल होते आणि रंध्रे (पानाच्या पृष्ठभागावरची, हवेची ये-जा होणारी सूक्ष्म छिद्रे) मिटतात. म्हणून फिक्सेटिव्हच, म्हणजे पेशी आहेत त्या स्थितीत टिकवणारे द्रावण, बागेत न्यावे. ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात; पीएच ७.२) केलेले २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडचे द्रावण घट्ट झाकणाच्या लहान बाटल्यांत भरून बर्फाच्या डब्यात ठेवावे. पान तोडताच नव्या ब्लेडने, मधली शीर टाळून, ३ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर लांब असे आयताकृती तुकडे कापून लगेच द्रावणात टाकावेत. प्रत्येक तुकड्याचा एक कोपरा असा छाटावा की खालची बाजू वर करून, लांब कड उभी आणि छाटलेला कोपरा वरच्या टोकाला धरल्यावर तो उजव्या हाताला येईल. संत्र्याची रंध्रे प्रामुख्याने पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि वाळून पांढुरका झालेला तुकडा कोणत्या बाजूने पालथा आहे हे नंतर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. या छाटलेल्या कोपऱ्याने माझे कितीतरी नमुने वाचले आहेत.

पानातील हवेमुळे तुकडे तरंगतात. प्रयोगशाळेत आल्यावर फ्यूम हूडमध्ये (घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून, त्यांना काही मिनिटे हलका व्हॅक्यूम द्यावा. बुडबुडे निघाले की ते तळाशी बसतात. मग रात्रभर ४ अंश सेल्सिअसला ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच बफरने दहा-दहा मिनिटे तीनदा धुवावेत. यानंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइडने दुसऱ्यांदा फिक्स करण्याची पद्धत आहे, पण त्याची वाफ डोळ्यांना गंभीर इजा करते. केवळ पृष्ठभाग पाहायचा असेल तर ती पायरी वगळली तरी चालते.

पुढे ३०, ५०, ७०, ८०, ९० आणि ९५ टक्के इथेनॉलमध्ये प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि शेवटी शुद्ध इथेनॉलमध्ये तीनदा, अशी पाण्याची जागा अल्कोहोलला द्यावी. बदल करताना तुकडा क्षणभरही उघडा पडू देऊ नये, कारण नागपूरच्या मे महिन्यात त्याच्यावरचे अल्कोहोल पाहता पाहता उडून जाते. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते: उघडलेल्या बाटलीतील शुद्ध अल्कोहोल हवेतला दमटपणा शोषून घेते, म्हणून शेवटच्या टप्प्याला नवी बाटली उघडावी.

तुकडा नुसता हवेत वाळवला तर आटत जाणाऱ्या द्रवाचा पृष्ठताण पेशीभित्ती आत ओढतो आणि रंध्राच्या दोन बाजूंच्या, त्याची उघडझाप करणाऱ्या रक्षक पेशी खचतात. ‘क्रिटिकल पॉइंट ड्रायर’मध्ये अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरून तो ३१.१ अंश आणि सुमारे ७३ वातावरण दाबाच्या पलीकडे नेला जातो. तिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही, त्यामुळे पृष्ठताणही उरत नाही. मात्र ३१.१ अंशांच्या वर कितीही दाब दिला तरी हा वायू द्रवरूप होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली सहज चाळिशीला जाते, म्हणून सिलिंडर आदल्या दिवसापासून वातानुकूलित खोलीत ठेवावा आणि भरण्यापूर्वी ड्रायरचा कक्ष थंड करून घ्यावा. ड्रायर नसेल तर हेक्सामेथिलडायसिलाझेन या चटकन उडणाऱ्या द्रवात दोनदा बुडवून ते फ्यूम हूडमध्ये उडू द्यावे. पानासारख्या टणक ऊतीला हे बरेच मानवते.

एक अपवाद आहे. पानावरचे मेणाचे कण पाहायचे असतील तर हा सारा मार्ग टाळावा, कारण इथेनॉलमध्ये मेण कमी-अधिक विरघळते. अशा वेळी ताजा तुकडा डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) वाळवावा आणि पेशींचे थोडे आकसणे मान्य करावे.

वाळलेला तुकडा कार्बन टेपने स्टबवर (नमुना बसवायच्या धातूच्या लहान चकतीवर), खालची बाजू वर करून, चिकटवावा आणि कडेला चांदीचे कण असलेल्या विद्युतवाहक रंगाचा (सिल्व्हर पेंटचा) एक ठिपका द्यावा, म्हणजे विद्युतभार वाहून जातो. नंतर स्पटर कोटरमध्ये, म्हणजे धातूचा पातळ थर देणाऱ्या यंत्रात, सोन्याचा १० ते २० नॅनोमीटरचा थर चढवावा. त्याच दिवशी पाहणे शक्य नसेल तर स्टब सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवावा. पावसाळ्यात जेल निळ्याचे गुलाबी होताच ते बदलावे.

यंत्रावर ५ ते १० किलोव्होल्टने सुरुवात करून आधी १०० पटीवर रंध्रांची दाटी पाहावी आणि मग २,००० पटीवर एकच रंध्र निवडावे. चित्रात पांढरे पट्टे उमटले किंवा चित्र सरकू लागले तर ते चार्जिंग, म्हणजे नमुन्यावर विद्युतभार साठणे, असते; व्होल्टेज कमी करावे आणि चांदीचा ठिपका तपासावा. फोकस मागेपुढे करताना कडा आलटूनपालटून दोन काटकोनी दिशांना ताणल्या गेल्या, तर स्टिग्मेटर (इलेक्ट्रॉन शलाकेचा आकार गोल करणारे नियंत्रण) जुळवून घ्यावा. रक्षक पेशी फुगीर आणि छिद्राभोवतीची कड अखंड दिसली तर तयारी उत्तम झाली असे समजावे. पेशींच्या सीमा उंच वरंब्यांसारख्या आणि मधला भाग खोल दिसत असेल तर वाळवणे चुकले आहे. टोकदार, सारख्या आकाराचे स्फटिक सगळीकडे विखुरलेले दिसले तर ते पानाचे नसून बहुधा बफरमधील फॉस्फेटचे असतात. अशा वेळी बाटलीत उरलेले तुकडे पुन्हा धुण्यापासून सुरुवात करावी.