सायबर तक्रारीमुळे बँक खाते गोठवले गेल्यास काय करावे

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका ताईंना आपले खाते गोठवले गेल्याचे सिलिंडरचे पैसे देताना कळले. खात्यात १,८४,००० रुपये दिसत होते, पण त्यातला एक रुपयाही पुढे जात नव्हता. आठवड्यापूर्वी एका अनोळखी ग्राहकाने पुरणपोळ्यांच्या मागणीपोटी पाठवलेले ६,५०० रुपये मुळात तेलंगणातील कोणाची तरी फसवणूक करून मिळवलेले होते, एवढेच त्यामागचे कारण होते. ते समजायला त्यांना नऊ दिवस लागले आणि त्यांतले निम्मे दिवस शाखेत वाद घालण्यात गेले. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचे, यावर इथे अधिक भर दिला आहे.

फसवणूक झालेली व्यक्ती १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवते, तेव्हा २०२१पासून सुरू असलेल्या यंत्रणेमार्फत ती माहिती बँकांकडे जाते आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकले ती खाती एकामागून एक शोधली जातात. तुमचे खाते या साखळीत पहिले असेल किंवा पाचवे. तुमच्यावर आरोप ठेवलेला असेलच असे नाही. पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. १ जुलै २०२४पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होती आणि बँक खाते ही त्या कलमाखाली येणारी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे पोलिसांच्या सूचनेवरून लावलेली बंदी शाखा व्यवस्थापकाला स्वतःच्या अधिकारात उठवता येत नाही. शाखेकडून आपल्याला हवी असते ती माहिती, आणि ती देणे शाखेला शक्य असते.

त्यासाठी तोंडी विचारपूस न करता त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. अर्जात पाच गोष्टी मागाव्यात: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, संबंधित राज्य व पोलीस ठाणे, तपास अधिकाऱ्याचा कार्यालयीन ईमेल व दूरध्वनी, विवादित व्यवहाराची तारीख, रक्कम व यूटीआर क्रमांक (प्रत्येक बँक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक), आणि पोलिसांकडून आलेल्या पत्राची किंवा ईमेलची प्रत. यांपैकी विवादित रक्कम सर्वांत महत्त्वाची आहे. ठरावीक रकमेवर होल्ड लावला असेल तर उरलेले पैसे वापरता येतात. डेबिट फ्रीज असेल तर खात्यात पैसे जमा होत राहतात, मात्र बाहेर निघत नाहीत. ताईंच्या काउंटरवर क्यूआर कोडचा स्टिकर पुढचे चार दिवस तसाच चिकटवलेला होता आणि प्रत्येक डब्याचे पैसे त्याच बंद खात्यात जाऊन अडकत होते. म्हणून तो स्टिकर आधी काढावा. नोकरदारांनी पगार दुसऱ्या खात्यात जमा करण्याची विनंती कार्यालयाला करावी, आणि कर्जाचा हप्ता किंवा दिलेला धनादेश परत जाण्याची शक्यता असल्यास संबंधितांना आधीच लेखी कळवावे.

यानंतरचे पत्र तपास अधिकाऱ्याला लिहायचे. अधिकारी परराज्यातील असेल तर ते इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावे आणि एका पानात संपवावे. ज्याच्या टेबलावर अशी असंख्य प्रकरणे आहेत, त्याला आपल्या व्यथेपेक्षा यूटीआर क्रमांक लवकर सापडला पाहिजे. ही रक्कम कोणत्या मालापोटी किंवा सेवेपोटी, कोणत्या तारखेला आली आणि पैसे देणाऱ्याशी आपला संबंध काय, हे तारीखवार लिहावे. सोबत ओळखपत्र, व्यवहाराच्या आधीचा व नंतरचा खातेउतारा, बिल आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडावेत. ताईंकडे छापील बिल नव्हते. मात्र तेलाचे डाग पडलेल्या मागणी-वहीत ‘पुरणपोळी, आगाऊ ६,५००’ अशी नोंद होती आणि त्याच दिवशीचा ग्राहकाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेशही होता. त्या दोन्हींचे फोटो पुरेसे बोलके ठरले.

मागणी नेमकी असावी. ‘माझे खाते सोडा’ असे लिहिण्याऐवजी ‘विवादित ६,५०० रुपये तपास पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवावेत आणि उर्वरित खाते खुले करण्याबाबत बँकेला कळवावे’ असे लिहावे. ही मागणी वाजवी आहे; केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या याचिकांवर गोठवण्याची कारवाई संशयित रकमेपुरती मर्यादित ठेवण्याचे निर्देश बँकांना दिले होते. उत्तर न आल्यास, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर प्रत्येक राज्याच्या नोडल अधिकाऱ्याचे आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे ईमेल दिलेले आहेत, तिथे तेच पत्र पाठवावे.

ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील पोलीस ठाण्याला परराज्यातील पोलिसांनी लावलेली बंदी उठवता येत नाही, त्यामुळे तिथे वारंवार खेटे घालण्यात अर्थ नाही. तरीही तपास अधिकारी म्हणून फोन करणारी व्यक्ती खरी आहे का, याबद्दल शंका असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे जरूर विचारावे. खाते गोठलेल्या माणसाच्या धास्तीवर टपलेले लोक आहेत, ही गोष्ट मी कळकळीने सांगतो. ‘इतके भरा, आजच खाते उघडून देतो’ म्हणणाऱ्याला काहीही देऊ नये. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून धमकावतात, त्या ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कायद्यात नाही. तक्रारदार म्हणवणाऱ्याला परस्पर पैसे परत करू नयेत, कारण तोच माणूस खरा तक्रारदार आहे हे आपल्याला ठाऊक नसते आणि परस्पर परतफेडीने तक्रार आपोआप मिटत नाही. पोलिसांची लेखी नोटीस आली तर मात्र ती दुर्लक्षित ठेवू नये. आपण खाते दुसऱ्याला वापरायला दिले असेल किंवा अनोळखी लोकांना क्रिप्टो विकून पैसे घेतले असतील, तर कोणताही जबाब देण्याआधी वकिलाला भेटावे.

बँक माहितीच देत नसेल किंवा पोलिसांचे पत्र येऊनही खाते उघडत नसेल, तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. पोलिसांचा निर्णय योग्य की अयोग्य, हे लोकपाल ठरवत नाही. त्यासाठी संबंधित पोलीस ठाण्यावर अधिकार असलेल्या दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. खाते ठाणे-नवी मुंबईत असल्यास मुंबई उच्च न्यायालयात याचिका करता येईल का, हेही वकिलाला विचारावे. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

पोलिसांचा ना-हरकत ईमेल बँकेला गेला की त्याची प्रत मागून घ्यावी, ती घेऊन शाखेत जावे आणि त्याच खात्यावर दुसरी एखादी तक्रार शिल्लक नाही ना, हे लेखी विचारून घ्यावे. नंतर लहान रक्कम पाठवून व्यवहार होतो का ते पाहावे. ताईंचे खाते सव्वा महिन्याने खुले झाले. ६,५०० रुपयांवर होल्ड अजून आहे, आणि काउंटरवर आता फक्त धंद्यासाठी उघडलेल्या चालू खात्याचा क्यूआर कोड लावलेला आहे.