टोळधाड आलीच तर: नुसतं दिवसा हाकलून भागत नाही, रात्रीचा मुक्काम शोधा

मे संपत आला, मृग तोंडावर आला की कुठल्यातरी ग्रुपवर टोळधाडीचा व्हिडिओ फिरायला लागतो आणि मग लोक घाबरून विचारायलेत, आमच्या धुऱ्यावर पण टोळ दिसायलेत, कोणतं औषध मारू. फोटो मागवला की बहुतेक वेळा रुईच्या झाडावरचा पिवळा-निळा पट्ट्याचा नाकतोडा निघतो. तो टोळधाडीतला टोळ नाही, तो मुख्यतः रुईवर वाढतो, त्याच्यासाठी पंप काढायची गरज नाही. सोयाबीनमध्ये एकटे-दुकटे उड्या मारणारे हिरवे नाकतोडे पण टोळधाड नाहीत. तर आधी ओळख पक्की करा, औषधाचं नंतर बघू.

धाड घालणारा तो वाळवंटी टोळ. दोन-अडीच इंच लांब, पंखावर गडद ठिपके, आणि तो एकटा कधी येत नाही, आला तर आभाळ झाकोळून येतो. रंग नीट बघा, कारण रंगावरून पुढचं काम ठरतं. गुलाबी असेल तर तो अजून कोवळा आहे, अंडी घालणार नाही पण खातो भरपूर आणि उडतो पण लांब. पिवळा झाला असेल तर तो वयात आलाय, म्हणजे खाणं तर आहेच वर जमिनीत अंडी घालायचा धोका. फोन करून खबर देताना सुद्धा रंग सांगा, टोळ मारायला येणाऱ्या सरकारी पथकाला त्याचा लई उपयोग होतो.

एक टोळ दोन ग्रॅमचा, रोज स्वतःच्या वजनाइतकं खातो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण एक चौरस किलोमीटरच्या टोळीत साधारण चार कोटी टोळ असतात असा एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा हिशोब आहे, म्हणजे दिवसाला ८०० क्विंटल हिरवं. त्यांच्याच भाषेत ३५ हजार माणसांचं एका दिवसाचं खाणं. आणि वाऱ्याची साथ मिळाली तर दिवसात शंभर-दीडशे किलोमीटर जातात.

२०२० ला नेमकं काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याचं मूळ २०१८ मध्ये, अरबस्तानच्या वाळवंटात एकाच वर्षी मेकुनू आणि लुबान अशी दोन चक्रीवादळं आली, कोरड्या वाळूत ओल झाली, गवत उगवलं आणि टोळांच्या पिढ्यामागून पिढ्या कुणाच्या नजरेत न येता वाढल्या. मग इराण, पाकिस्तान करत राजस्थान. एरवी टोळ पावसाळ्यात राजस्थानच्या वाळवंटात येतात आणि तिथंच अंडी घालतात, पण त्या साली ते एप्रिल-मेमध्येच आले, तिथं तेव्हा हिरवं काहीच नव्हतं, त्यामुळं पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पुढं सरकत मध्य प्रदेश आणि तिथून मे अखेरीला अमरावतीचं मोर्शी-वरूड, वर्ध्याचं आष्टी, नागपूरचं काटोल. संत्र्याचा पट्टा. आपण मराठवाड्यातले त्या वेळी थोडक्यात बाजूला राहिलो, वाऱ्यामुळं, आपल्या तयारीमुळं नाही. हिंगोली, नांदेड, जालना हे जिल्हे विदर्भाला लागून आहेत, तिकडून खबर आली की या तिन्हीकडच्या गावांनी आधी सावध व्हायचं.

आता मुख्य गोष्ट. टोळीचं दिवसाचं टाइमटेबल ठरलेलं असतं आणि ते ज्याला कळलं त्यालाच काही करता येतं. सूर्य मावळायच्या आधी-नंतर टोळी खाली उतरते, झाडावर, बांधावरच्या बाभळीवर, कडुलिंबावर, मोसंबीच्या बागेत, उसात बसते. रात्रभर तिथंच. थंडीत त्यांना उडता येत नाही, सकाळी ऊन लागून अंग तापल्यावर, म्हणजे सूर्य उगवून दोनेक तास झाल्यावर परत उडायला सुरुवात होते. म्हणजे संध्याकाळी उतरल्यापासून सकाळी आठ-नऊपर्यंत एवढाच वेळ आपल्या हातात. दिवसा उडत्या टोळीवर औषध मारणं म्हणजे पैसा आणि औषध दोन्ही हवेत.

डबे, थाळ्या, हलगी, ट्रॅक्टरचा सायलेन्सर, डीजे वाजवून टोळ उठतात हे खरं आहे. उतरायच्या बेतात असलेली टोळी आवाजानं आणि धुरानं पुढं सरकते, आपलं शेत वाचतं. पण पुढं म्हणजे कुठं? पुढच्या शिवारात, पुढच्या गावात. एकट्या शेतकऱ्यानं स्वतःचं कोवळं पीक वाचवायला डबा वाजवला तर त्याला कुणी नाव ठेवणार नाही, मी पण नाही. पण गावानं मिळून ठरवायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दिवसा आवाज करून पिकावरून उठवा, मात्र संध्याकाळी एकदा टोळी बसली की अजिबात हलवू नका. पोरांना बॅटऱ्या घेऊन तिथं जाऊ देऊ नका, गोंगाट नको, फटाके नकोत. फक्त दोघा-तिघांनी लांबून बघून घ्यायचं की किती एकरात बसलीय, कोणत्या झाडांवर, तिथं पंप आणि ट्रॅक्टर जाईल का, पाणी कुठून मिळेल, आणि लगेच कळवायचं. रात्री दहाला खबर मिळाली तर पहाटे पथक येऊ शकतं, सकाळी नऊला मिळाली तर टोळी दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते.

पाकिस्तानात ओकारा जिल्ह्यात २०२० मध्ये लोकांनी रात्री बसलेले टोळ गोळा केले आणि कोंबडीखाद्यासाठी किलोवर विकले, हा रात्रीच्या सुस्तीचाच फायदा. आपल्याकडं कुणाच्या मनात आलं तर एकच सांगणं, जिथं फवारणी झालीय किंवा झाली असेल अशी शंका आहे तिथले टोळ कोंबड्यांना अजिबात घालू नका.

फवारणी पहाटेची. सरकारी पथकं मॅलाथिऑन ९६ टक्के यूएलव्ही (अगदी कमी प्रमाणात बारीक थेंबांनी मारायचं औषध) वापरतात, ते खास मशीनचं काम आहे, ते औषध पाठीवरच्या पंपात टाकायचं नाही. शेतकऱ्यांसाठी २०२० मध्ये जी औषधं मान्य केली होती त्यात क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रव औषध) हेक्टरी १२०० मिली, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ५ टक्के ईसी हेक्टरी ४०० मिली, डेल्टामेथ्रिन २.८ टक्के ईसी हेक्टरी ४५० मिली, मॅलाथिऑन ५० टक्के ईसी हेक्टरी १८५० मिली अशी मात्रा होती. हेक्टरी आहे, एकरी नाही, इथं गोंधळ होतो. एकराला अडीचनं भागायचं, क्लोरपायरीफॉस एकरी ४८० मिली येतं. पाणी हेक्टरी ५०० लिटर धरलं तर १५ लिटरच्या पंपाला ३६ मिली. यातलं कोणतंही एकच, दोन औषधं मिसळून "डबल पॉवर" करायला जाऊ नका. आणि त्या वेळी कृषी विभाग किंवा परभणीचं कृषी विद्यापीठ जी शिफारस काढेल ती आधी बघा, दुकानदाराचं नंतर ऐका. मोसंबी, डाळिंब, आंब्याच्या उंच झाडावर पाठीवरचा पंप पोचत नाही, तिथं ट्रॅक्टरचा ब्लोअर लागेल, गावात कुणाकुणाकडं आहे ते आजच विचारून ठेवा.

टोळी अजून आली नाही पण शेजारच्या तालुक्यापर्यंत आलीय, अशा वेळी ५ टक्के निंबोळी अर्क मारून ठेवा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळायची आणि १०० लिटर पाणी करायचं. यानं टोळ मरत नाहीत, पण त्या पानाला तोंड लावायला नको म्हणतात. जूनमध्ये लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो, वाळवून पोत्यात भरून ठेवा, टोळ नाही आले तरी सोयाबीन-कापसाला कामी येतात.

फवारणाऱ्या माणसाबद्दल जरा कळकळीनं सांगतो. २०१७ ला यवतमाळमध्ये कापसावर फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर गेले. घाईत, भीतीत फवारणी होते तेव्हा असंच होतं. टोळधाडीत तर सगळं गाव पहाटेच्या अंधारात पंप घेऊन पळणार. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा, वाऱ्याकडं पाठ, उपाशीपोटी नाही, तंबाखू-बिडी नाही. सालगड्याला हे सगळं मालकानं द्यायचं, त्यानं मागायची वाट बघायची नाही. चक्कर, मळमळ, अंधारी आली की काम थांबवून लगेच दवाखाना आणि औषधाची बाटली सोबत. फवारलेल्या धुऱ्यावर चार-आठ दिवस जनावरं सोडू नका, आणि जवळ मधपेट्या असतील तर त्या माणसाला आदल्या रात्रीच फोन करा.

पिवळी टोळी बसून गेली असेल तर काम संपलं नाही. ती ओलसर, वाळूमिश्रित, उघड्या जमिनीत चार-सहा इंच खोल अंडी घालते. आपली भारी काळी जमीन त्यांना तितकी मानवत नाही, पण गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजराकाठची गाळाची-रेताड रानं आणि हलक्या माळाची जमीन तपासा. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं निघतात, त्यांना पंख नसतात, महिनाभर ती चालत-उड्या मारत झुंडीनं जातात. अंडी सापडली तर तिथं नांगर किंवा कल्टिव्हेटर घालून जमीन उलथून टाका. पिल्लं निघाली असतील तर त्यांच्या वाटेवर साधारण दोन फूट रुंद, अडीच फूट खोल चर खणून त्यात पाडून मातीनं बुजवा. उडणाऱ्या टोळापेक्षा हे शंभरपट सोपं.

मे-जूनमध्ये आपली बरीचशी रानं मोकळी असतात, झळ बसते ती मोसंबी, ऊस, चारा, भाजीपाल्याला. खरी भीती पेरणी झाल्यावरची, सोयाबीन दोन-चार पानांवर असताना. रोप बीजदलाच्या (पहिल्या दोन जाड पानांच्या) खालून खाल्लं तर ते फुटायचं नाही, दुबार पेरणी करावी लागेल, म्हणून घरचं बियाणं सगळं विकून मोकळे होऊ नका, उगवणक्षमता तपासलेलं थोडं राखून ठेवा. सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं, त्यानंतर बाजरी, सूर्यफूल, तूर, एरंडीचा विचार करा.

नुकसान झालं तर रान लगेच मोडू नका, आधी तारखेसकट फोटो काढा, तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवकाकडून पंचनामा करून घ्या. कीड हल्ला आपत्ती निवारण निधीच्या यादीत आहे आणि ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर मदत मिळू शकते, पण कागद लागतो. पीकविमा भरला असेल तर त्याचं विमा कंपनीला वेगळं विचारा, पंचनाम्यानं ते आपोआप होत नाही.

खबर द्यायला कृषी सहायक, तालुका कृषी अधिकारी, किंवा किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१. फोनवर गाव, गट नंबर, किती एकरात बसलीय, रंग, कोणत्या दिशेनं आली, तिथवर गाडी जाते का, एवढं सांगितलं तर पुढच्यांना रात्री चाचपडत फिरावं लागत नाही.