लाल मातीत चालणारा मेटल डिटेक्टर: आर्डुइनोवर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

बेळगावहून खानापूरकडे जाल तशी माती लाल होत जाते आणि जांभा उघडा दिसू लागतो. हा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. मेटल डिटेक्टर करायला घेणाऱ्याने सोल्डरिंग गन तापवायच्या आधीच हे ध्यानात ठेवावं. टेबलावर झकास चालणारं यंत्र इथल्या रानात नेलं की मातीलाच धातू समजून ओरडत सुटतं, आणि नवीन मुलं सर्किट बिघडलं म्हणून सगळं उकलून बसतात.

मला हे यंत्र हवं होतं शेतीसाठी. गाळाखाली गेलेला पाइपलाइनचा वॉल्व्ह, ट्रॉलीची पिन, रोटाव्हेटरचं सुटलेलं पातं असल्या वस्तू उसाच्या रानात हमखास हरवतात. त्यामुळे सगळ्यांत सोपी पद्धत निवडली. तांब्याची कॉइल आणि दोन कपॅसिटर एका ट्रान्झिस्टरला जोडून ऑसिलेटर (सतत लहरी काढणारं सर्किट) करायचा आणि त्याची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती लहरी) आर्डुइनोने, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाने, मोजायची. पितळ किंवा तांबं जवळ आलं की त्यात भोवरा प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात, कॉइलचं इंडक्टन्स (चुंबकीय ऊर्जा साठवण्याची क्षमता) घटतं आणि फ्रिक्वेन्सी वाढते. लोखंडी बोल्टजवळ इंडक्टन्स वाढतं आणि फ्रिक्वेन्सी उतरते. पातळ पत्र्याचं झाकण मात्र फसवतं. ते लोखंडाचं असलं तरी पसरट असल्याने त्यात भोवरा प्रवाहच भारी पडतात आणि फ्रिक्वेन्सीचा आकडा पितळेसारखा वर जाऊ शकतो.

कॉइलची तार ऑनलाइन मागवू नका. गावोगावी पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं आहेत, तिथे एनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. २६ गेजची सोळा-सतरा मीटर तार पुरते. २० सेंटिमीटर व्यासाचे २६ वेढे घेतले की इंडक्टन्स साधारण ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं, आणि १० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर एकामागे एक (सिरीजमध्ये) लावले तर फ्रिक्वेन्सी १३० किलोहर्ट्झजवळ बसते. वेढे दोऱ्याने घट्ट आवळून त्यावर वाइंडिंगचं व्हार्निश पाजून घ्या. एक वेढा जरी हलला तरी आकडा उड्या मारतो. कपॅसिटर फिल्मचे घ्या. स्वस्तातले सिरॅमिक उन्हात तापले की फ्रिक्वेन्सी सरकत राहते. दांड्याला पीव्हीसी पाइप चालतो, पण कॉइलजवळ एकही लोखंडी स्क्रू नको.

ऑसिलेटरची लहर ७४एचसी१४ सारख्या श्मिट ट्रिगर आयसीतून (लहरीचे स्पष्ट चालू-बंद ठोके करणारी चिप) चौकोनी करून आर्डुइनो उनोच्या पिन ५ वर द्यायची. तिथला टायमर-१, म्हणजे बोर्डाच्या चिपमधला मोजणीचा भाग, बाहेरून येणारे ठोके स्वतःच मोजतो. प्रोग्रामने दर दशांश सेकंदाला आकडा वाचायचा, म्हणजे तेरा हजारांच्या आसपासची संख्या हाती येते. एक आकडा म्हणजे दहा हर्ट्झ. सुरुवातीला बझर, डिस्प्ले काही लावू नका. लॅपटॉप जोडा, सिरियल प्लॉटरवर (आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या आलेखावर) रेघ बघत बसा. यंत्राचा स्वभाव त्या रेघेतच कळतो.

आता मातीकडे या. कॉइल हवेत धरून आकडा बघा, मग तीच लाल मातीवर टेकवा. आकडा उतरतो, जणू खाली लोखंड आहे. बांध ओलांडून मुरमाड जागेत गेलात की आणखी वेगळा. अथणी, गोकाककडच्या काळ्या रानातही सुटका नाही, कारण बेसॉल्टपासून झालेल्या त्या मातीत मॅग्नेटाइट असतं. म्हणून कॉइल जमिनीपासून ठरावीक उंचीवर, चार बोटं वर, एकसारखी फिरवायची सवय लावावी लागते. प्रोग्राममध्ये मागच्या काही सेकंदांची सरासरी पाया म्हणून धरा आणि त्या पायापासूनचा फरक बघा. सरासरी फार चपळ ठेवलीत तर धातूवर थांबताच तोच पाया होऊन बसतो आणि इशारा विझतो. फार सुस्त ठेवलीत तर उन्हाने सरकणारा आकडा खोटे इशारे देतो. हा समतोल ज्याने त्याने आपल्या रानातच लावायचा. दुसऱ्याच्या प्रोग्राममधली संख्या इथे चालत नाही. पावसाळ्यात ओलं गवत कॉइलला लागलं तरी आकडा हलतो. त्यावर कॉइलभोवती अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून ती सर्किटच्या ग्राउंडला जोडावी, पण फॉइलचं कडं पूर्ण होऊ देऊ नये. एके ठिकाणी फट ठेवलीच पाहिजे, नाहीतर ती फॉइलच शॉर्ट झालेला वेढा बनते.

खोलीबद्दल भलती आशा धरू नका. लहान वस्तू कॉइलपासून दूर असेल तर अंतर दुप्पट होताच तिचा सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो. नाणं वीतभराच्या आतच सापडेल.

गुप्तधनाचं विचारणारे भेटतीलच. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या संरक्षित वास्तूंच्या परिसरात परवानगीशिवाय उकरणं गुन्हा आहे. पुरलेल्या ठेव्यासाठी कर्नाटकाचा १९६२ चा निखात निधीचा कायदा आहे, सापडलेली ठेव जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडच्या डीसींना, कळवावी लागते. यंत्र घेऊन गडावर जाऊच नका. आपल्या रानात भरपूर काम आहे.

डिप्लोमा किंवा आयटीआय करणाऱ्यांनी प्रत्येक मातीचे, प्रत्येक वस्तूचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर जे प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आल्याचं ओळखणारे) बसतात, त्यांच्यातही असाच कॉइलचा ऑसिलेटर असतो. धातू समोर आला की भोवरा प्रवाहांनी त्याचा जोर कमी होतो आणि सेन्सर स्विच टाकतो. मुलाखतीला जाताना तयार किटचा फोटो नेण्यापेक्षा ती वही न्या. आकडा का उतरला आणि का चढला हे स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या मुलाला मशीनवर उभं करायला मेंटेनन्सचा माणूस कचरत नाही.