कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी सांभाळायला सोपी गाडी कशी निवडावी

ठाणे किंवा नवी मुंबईतून कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, जोडून बाहेर पडायचे, तर पहिल्या दोन तासांतच गाडीचा कस लागतो. नाशिकच्या वाटेवर कसारा घाट, मुरबाडमार्गे माळशेज, पुण्याच्या दिशेला बोरघाट, आणि घोडबंदर रस्त्याने निघाल्यास गायमुखच्या चढावर रखडलेली वाहतूक. त्यामुळे गाड्यांची माहितीपत्रके चाळण्याआधी आपल्या कॅरॅव्हॅनचे वजन नेमके किती, हे ठाऊक असायला हवे.

उत्पादक सांगतो ते बहुधा रिकाम्या कॅरॅव्हॅनचे वजन असते. पाण्याची टाकी ७० लिटरची असेल, तर ती भरताच ७० किलो वाढतात. त्यावर गॅस सिलिंडर, गाद्या, भांडी आणि बॅटरी. प्रवासाला निघताना भरतो तशीच ती भरावी आणि औद्योगिक वसाहतीजवळच्या मालट्रकांच्या वजनकाट्यावर न्यावी. सामानासह भरणारे हे वजन गाडीच्या स्वतःच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा ब्रिटनमध्ये रूढ झालेला संकेत आहे आणि नवशिक्याने तो पाळावाच. कॅरॅव्हॅन १,१०० किलोची भरली, तर गाडी किमान १,३०० किलोची हवी. मात्र गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाची मर्यादा याहून कमी दिली असेल, तर तीच अंतिम मानावी. आणि पुस्तिकेत ट्रेलर जोडू नये असे लिहिले असेल, तर विक्रेता काहीही सांगो, ती गाडी यादीतून काढून टाकावी.

दुसरे वजन टो-बॉलवर, म्हणजे कॅरॅव्हॅन अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, पडणाऱ्या भाराचे असते. सपाट जागेवर कॅरॅव्हॅनच्या चाकांना अडण्या लावाव्यात, जोडणीच्या तोंडाखाली घरातला साधा वजनकाटा ठेवून त्यावर टो-बॉलच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा उभा करावा आणि तोंड त्यावर हळूहळू टेकवावे. काट्यावर एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ५५ ते ७७ किलो दिसायला हवेत. भार यापेक्षा कमी पडला, तर वेगात कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झुलू लागते. जास्त पडला, तर गाडीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते. हा भार पेलण्याची गाडीची क्षमताही पुस्तिकेत पाहावी.

माझे स्पष्ट मत लॅडर फ्रेमच्या (शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बांधलेल्या), मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या डिझेल गाडीच्या बाजूचे आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, इसुझू व्ही-क्रॉस या त्या घडणीच्या गाड्या. त्यांत टो-बार (टो-बॉल धरणारा दांडा) थेट चासीच्या पोलादी तुळयांना बसवता येतो आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच मिळणारा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, चढावर उपयोगी पडतो. मोनोकॉक (वेगळी चासी नसलेली, सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेली) गाडी मुळीच चालत नाही असे नाही, पण उत्पादकाने टो-बारसाठी खास जागा दिलेली असली तरच तिचा विचार करावा. कोणी बंपरला किंवा मागच्या पत्र्याला टो-बार जोडून देतो म्हणाला, तर ते काम करून घेऊ नये.

देखभालीचा विचार करताना ओढण्याचा ताण जिथे पडतो, तेवढेच भाग आधी पाहावेत: क्लचप्लेट, ब्रेक, रेडिएटर आणि मागच्या चाकांचे बेअरिंग. अधिकृत सेवा केंद्र आणि आपले नेहमीचे गॅरेज, दोन्ही ठिकाणी या भागांची किंमत आणि ते मिळायला लागणारे दिवस विचारावेत. मॅन्युअल गाडीत क्लच हाच पहिला झिजणारा भाग आहे. ऑटोमॅटिक हवी असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी, घ्यावी. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने आपोआप बदलणारी) किंवा कोरड्या दुहेरी क्लचच्या गाडीत चढावर रांगत जाताना क्लच तापतो. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषण मानकाच्या) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. एरवी गाडी फक्त घर ते स्टेशन एवढीच फिरणार असेल, तर तो तुंबत राहतो, म्हणून तिला अधूनमधून महामार्गावर सलग चालवावे लागते.

जुनी गाडी घेताना खाडीची दमट, खारी हवा विसरू नये. गाडी लिफ्टवर चढवून चासीचे वेल्डिंगचे सांधे, स्प्रिंगच्या बैठका आणि ब्रेकच्या नळ्या टॉर्चच्या उजेडात पाहाव्यात. पापुद्रे सुटलेला गंज काळ्या रंगाखाली झाकलेला असू शकतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि घाटाच्या उतारावर तापले की त्यातले पाणी उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात, त्यामुळे दर दोन वर्षांनी ते बदलल्याच्या पावत्या मागाव्यात. टायरवरचा भारांकही (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) वाचावा: १०० म्हणजे प्रत्येक टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्यामुळे कॅरॅव्हॅनची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि टो-बार बसवण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयाकडून तसेच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. टो-बारचा खर्च आणि ही दोन्ही उत्तरे हाती आल्यानंतरच गाडीचे बयाणे द्यावे.