हेराल्डचे मागचे शॉकअप: आधी टेप काढा, मग पाकीट

तुमची स्टँडर्ड हेराल्ड ही जुनी मोटार मागून बसलीय म्हणून शॉकअप बदलायला निघाला असाल तर थांबा. वजन पाटा, म्हणजे लोखंडी पानांची स्प्रिंग, पेलतो. शॉकअपचं काम पाट्याची उसळी थांबवणं, एवढंच. ‘नवे टाका, गाडी आपोआप वर येईल’ असं सांगणारा मिस्त्री साताऱ्यातही भेटतो आणि सांगलीतही. त्याला चहा पाजा, गाडी देऊ नका.

कोपरा दाबून सोडायची परीक्षाही या गाडीत फसवी आहे. जुन्या पाट्यांची पानं गंजून एकमेकांवर घासतात, तीच उसळी खातात आणि मेलेला शॉकअप पास होतो. सरळ काढा, उभा धरा, हाताने ओढा आणि दाबा. मध्येच कुठे सैल पडला की तो गेला. तेलाचा ओघळ असेल तर ओढायचीही गरज नाही. एक गेला तरी दोन्ही बदलायचे.

हे सगळं मी मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डबद्दल लिहितोय. १९६२ साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार हिचीच बहीण. मागची रचना तीच: एकच आडवा पाटा, आणि दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल मध्ये घट्ट बसवून दोन्ही बाजूंना हलणारे एक्सल. म्हणून तिच्या मालकांनीही वाचावं. स्टँडर्डचीच १९७२ नंतरची गॅझेल असेल तर तुम्ही सुटलात, तिला मागे सरळ एक्सल आहे.

आता मी जिथे आपटलो तो भाग.

पहिल्यांदा शॉकअप घेतले तेव्हा मी जुना नग पिशवीत घालून दुकानात गेलो. बोल्टचं भोक जुळलं, बुश जुळलं. नवा नग तीन बोटं जास्त लांब उघडत होता. दुकानदार म्हणाला, ‘लांब आहे ते चांगलंच की, खड्ड्यात चाक खालपर्यंत जाईल.’ मला पटलं! बसवले, आणि रविवारी साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात गेलो. उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि गाडीचं बूड वर उचललं गेलं. बाहेरचं चाक पोटाखाली दुमडल्यासारखं झालं आणि मागचा भाग झटक्यात बाहेर फेकला गेला. बाहेरच्या बाजूला दरी नव्हती, गटार होतं. चाकाची रिम गेली, बाकी निभावलं.

कारण साधं आहे. जॅकवर हेराल्ड उचलून मागून बघा, दोन्ही चाकांचे तळ एकमेकांकडे आत आलेले दिसतील. चाक जितकं खाली लोंबेल तितका तळ आत जातो, आणि तळ आत गेला की वळणावर गाडी त्या चाकावर चढायला बघते. चाकाने किती खाली यायचं ती हद्द या गाडीत शॉकअपच ठरवतो. म्हणजे पूर्ण उघडल्यावरची लांबी ही तुमच्या जिवाची मर्यादा आहे. ती मूळ नगापेक्षा एक सूतही जास्त नको. मऊ-कडक, महाग-स्वस्त हे सगळं त्यानंतर.

माप असं घ्या. चासीखाली दोन्ही बाजूंना टेकूच्या घोड्या, चाक काढलेलं, उभ्या लिंकखाली (चाक धरणाऱ्या उभ्या तुकड्याखाली) जॅक. तो जॅक थोडा चढवल्याशिवाय शॉकअपचा बोल्ट सोडू नका; हद्दच काढून घेतली तर पाटा लिंकला खाली झटका देतो आणि तुमचे हात तिथेच असतात. शॉकअप निघाला की जॅक चढवत न्या, बंप रबर (चाक वर आलं की दणका झेलणारं रबर) चांगलं दाबलं जाईपर्यंत. आता वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेप धरा. नवा नग पूर्ण मिटल्यावर या मापापेक्षा किमान १० ते १२ मिमी आखूड हवा, नाहीतर गाडीचा सगळा दणका रबराऐवजी शॉकअपच्या बुडावर बसतो आणि बोल्टची बैठक तडकते.

उघडं माप मूळ नगावरून. तुमच्या गाडीवरचा नग मूळ आहे यावर विश्वास ठेवू नका. इतक्या वर्षांत कोणी काय बसवलंय देव जाणे. मी शेवटी मिरजेला जाऊन ओळखीच्या एका न बिघडवलेल्या हेराल्डवरून माप आणलं. मिलिमीटरचा आकडा मुद्दाम इथे देत नाही, कारण तुम्ही तो कागदावर लिहून थेट दुकानात जाल.

गॅसचे शॉकअप? जास्त दाबाचे नकोच. १२ मिमी दांडा आणि आत २० बार दाब धरला तर एकेक नग सुमारे २३ किलोने गाडी वर ढकलतो. हलक्या हेराल्डचं बूड त्याने उचललं जातं, आणि बूड उचललं की चाकांचे तळ पुन्हा आत. साधे तेलाचे घ्या. कडकपणा बदलता येणारे असतील तर सर्वांत मऊवरून सुरुवात करा.

बसवणं सोपं. तेलाचा नग उभा धरून पाच-सहा वेळा पंप करा, हवा निघते. बोल्ट हातानेच लावा. शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असताना द्या, नाहीतर रबर बुश पिळलेलं राहतं आणि दोन महिन्यांत फाटतं.

आणि गाडी खाली उतरवायच्या आधी बंप रबरला खडू फासा. मागे दोन माणसं बसवून गावाबाहेरच्या एखाद्या उंच गतिरोधकावरून जाऊन या. रबर जिथे टेकतं तिथे खडूचा डाग पडला असेल तर माप बरोबर. दणका बसला आणि डाग नाही, तर शॉकअप आधीच मिटतोय. त्याच दिवशी काढून परत करा. पावती अजून खिशात असते.