पाणीबंदच्या आदल्या संध्याकाळी

'शनिवारी दिवसभर पाणी नाही, रविवारी सकाळी कमी दाबाने येईल' असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला की नाशिकच्या घराघरांत पिंपं-बादल्या भरायची धांदल उडते. ती उडू द्या, पण त्याच संध्याकाळी अर्धा तास आणखी एका कामासाठी काढा. लाइन रिकामी होते तेव्हा ती पाणी देत नाही, उलट आत ओढते. गंगापूर धरणाचं पाणी आपल्या नळापर्यंत येतं ते दाबामुळे. तो दाब गेला आणि खालच्या गल्लीत कुणी नळ उघडला, किंवा नळाला थेट मोटर लावली (ती बेकायदा आहे, तरी लावतात), की वरच्या घरांच्या पाइपांत पोकळी तयार होते. त्या क्षणी तुमच्या नळाची नळी ज्यात बुडालेली असेल ते लाइनमध्ये शिरतं, आणि दाब परत आल्यावर कुणाच्या तरी माठात उतरतं.

म्हणून आधी घराभोवती एक फेरी मारा, फक्त नळ्या बघत. गाडी धुवायच्या बादलीत सोडलेली, कपडे भिजवलेल्या टबातली, कमोडमध्ये लोंबणारा जेट स्प्रे. सगळ्या वर उचला. मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती मखमलाबाद, आडगाव बाजूच्या घरांची, जिथे कुंपण संपलं की द्राक्षबाग सुरू होते. फवारणीचा २०० लिटरचा ड्रम घरच्याच नळावर भरतात, आणि शिंतोडे उडू नयेत म्हणून नळी थेट तळाशी सोडतात. ड्रममध्ये मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो हे बुरशीनाशक असतं, नाहीतर त्याहून जहाल औषध. नळीचं तोंड ड्रमच्या काठाच्या वर बांधा. मधलं अंतर नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट हवं, आणि काही झालं तरी एक इंचाच्या खाली नको. हवेच्या या मोकळ्या अंतराइतकं खात्रीचं साधन दुसरं नाही. त्यात गंजणारं, अडकणारं, झिजणारं काहीच नसतं. औषध मिसळायचं ते ड्रम भरून नळी बाहेर काढल्यावरच.

हाच नियम टाक्यांना. अंडरग्राउंड टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारा. बॉल कॉकचं (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाचं) तोंड ओव्हरफ्लो पाइपच्या वर असलं पाहिजे. ते पाण्याखाली असेल तर प्लंबरकडून वर घेऊन टाका. ओव्हरफ्लोचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये थेट सोडलेला नसावा, त्याचं तोंड जमिनीच्या वर, जाळी लावलेलं, डोळ्यांना दिसेल असं हवं.

आता ओढ लागते का ते तपासा. घराची लाइन जिथून सुरू होते तो व्हॉल्व्ह बंद करा. वरच्या मजल्यावरच्या नळाला हातभर नळी लावून तिचं टोक हळद कालवलेल्या ग्लासभर पाण्यात बुडवा. मग अंगणातला सगळ्यात खालचा नळ पूर्ण सोडा आणि वरचा उघडा. ग्लासातलं पिवळं पाणी उतरायला लागलं तर समजा की तुमच्या घरात बादलीसुद्धा अशीच ओढली जाईल. हळदीने बिघडत नाही, नंतर दोन मिनिटं नळ वाहू द्या.

एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. त्याच्या अंगावरचा बाण घराच्या दिशेने आहे ना, ते पाहा. उलटे बसवलेले नाहीत, पण तिरपे बसवलेले मी बरेच पाहिलेत, आणि अशा वेळी आतली झडप नीट मिटत नाही. पाणी गेलेलं असताना त्याच्या रस्त्याकडच्या बाजूची युनियन (पाइपांचा खोलता येणारा जोड) सैल करा. पाइपात अडकलेलं थोडं पाणी निघून थांबलं पाहिजे. धार चालूच राहिली तर घरातलं पाणी मागे येतंय. बहुतेकदा झडपेखाली वाळूचा कण असतो, उघडून धुतला की काम होतं.

बोअरवेल असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही टाळू नका. महापालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून बोअरची मोटर चालू करा आणि स्वयंपाकघरातला थेट लाइनचा नळ सोडा. पाणी आलं तर दोन्ही लाइनी कुठेतरी जोडल्या गेल्यात. शंका उरली तर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावा, बोअरचा आकडा सहसा बराच जास्त येतो. अशा जोडाला मधला व्हॉल्व्ह हा उपाय नाही, जोड तोडायचाच. १९३३ साली शिकागोत दोन हॉटेलांच्या सदोष प्लंबिंगमधून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि अमीबाच्या आमांशाने ९८ माणसं गेली.

थंडच्या नळाला कोमट पाणी येत असेल तर सोलरचं किंवा गिझरचं पाणी मागे सरकतंय. थंड फाट्याला एनआरव्ही बसवता येतो, पण गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू असल्याची खात्री करून घ्या. तापलेलं पाणी फुगतं, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

रविवारी पाणी आलं की पहिली पाच-दहा मिनिटं ते टाकीत घेऊ नका, झाडांना सोडा. गढूळपणा आणि वास गेल्यावर क्लोरोस्कोपने (पाण्यातलं क्लोरीन मोजायच्या साध्या संचाने) तपासा: नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. काहीच दिसलं नाही तर पिण्याचं पाणी उकळा आणि एचटूएसची बाटली (पाण्यातले जंतू तपासायची) भरून ठेवा. दोन दिवसांच्या आत ती काळी झाली तर टाकी उपसून, घासून, हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून रात्रभर ठेवा, सकाळी सगळं सोडून द्या, आणि शेजारच्या दोन्ही घरांना कळवा, कारण लाइन त्यांचीही तीच आहे.