डोळे तपासायला जाताना: कार्डं दोन, खुर्ची एकच

अमेरिकेत नोकरीसोबत बऱ्याचदा डोळ्यांसाठी दोन वेगळी कार्डं हातात पडतात. एक नेहमीचं मेडिकल इन्शुरन्सचं, दुसरं व्हीएसपी किंवा आयमेडसारख्या व्हिजन प्लॅनचं. जाताना दोन्ही घ्या. डॉक्टर तेच, मशिनंही तीच. बिल कुठल्या कार्डावर जाणार हे ठरतं ते तुम्ही कशासाठी आलात आणि तपासणीत काय निघालं यावर.

म्हणून तयारी फोनपासूनच सुरू होते. "डोळे तपासायचेत" एवढंच म्हणालात तर रिसेप्शनवरून रूटीन तपासणी लावली जाईल, म्हणजे व्हिजन प्लॅनच्या कार्डावर. वर्ष झालंय आणि चष्म्याचा नंबर बदललासा वाटतोय, तर तेच बरोबर आहे. पण डोळा लाल होतोय, सतत चुरचुरतोय, मधुमेह आहे किंवा काचबिंदूवर लक्ष ठेवायचंय, तर ते फोनवरच सांगा आणि ही भेट मेडिकलवर लावणार का, असं सरळ विचारा. डॉक्टर दोन्ही कार्डांच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे त्या कंपन्यांशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत, आहेत का, हेही विचारून ठेवा. एकात असून दुसऱ्यात नसणं अगदी शक्य असतं. मेडिकलला डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात आपण भरायची रक्कम) लागू होऊ शकतं, तेव्हा ते किती भरून झालंय हे आधीच पाहा. मात्र नजरेसमोर अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखी चमक दिसली किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर कार्डाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेटिना (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) सुटत असेल तर तासांचा हिशेब असतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो रिफ्रॅक्शनवरून. भिंगं बदलत "हे बरं की ते?" विचारतात ना, तोच भाग. बिलात त्याची ओळ वेगळी येते, कोड ९२०१५. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) त्याचे पैसे देत नाही, बऱ्याच मेडिकल पॉलिसीही देत नाहीत. मेडिकल भेटीत जाता जाता नंबरही काढून घेतलात, तर तेवढी रक्कम खिशातून जाईल असं धरून चाला, आणि खुर्चीत बसण्याआधी आकडा विचारा. कॉन्टॅक्ट लेन्सच्या फिटिंगचेही बहुधा वेगळे पैसे असतात.

घरात कुणी मेडिकेअरवर असेल तर त्यातला डॉक्टरांच्या भेटींचा भाग, म्हणजे पार्ट बी, नुसत्या चष्म्यासाठीच्या तपासणीला पैसे देत नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा रेटिनोपथीची (मधुमेहाने रेटिनाला होणाऱ्या इजेची) तपासणी आणि धोका जास्त असलेल्यांना १२ महिन्यांतून एकदा काचबिंदूची तपासणी त्यात बसते. डिडक्टिबलनंतर २० टक्के आपले. मोतीबिंदू काढून आतली लेन्स बसवली की साध्या चष्म्याची एक जोडी मिळते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. पाहुणे म्हणून आलेल्या आईबाबांच्या व्हिजिटर पॉलिसीत नंबर तपासणं सहसा नसतंच, त्यांनी येतानाच जास्तीचा चष्मा आणलेला बरा.

पिशवीत जुना चष्मा, लेन्सचं खोकं आणि औषधांची यादी टाका. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्याने रेटिनाला इजा होऊ शकते आणि ती तपासणी मेडिकलची असते. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. काळा चष्मा हवा, गाडी चालवायला कुणी सोबत असेल तर उत्तम.

रिफ्रॅक्शन झालं की चष्म्याच्या नंबरचा कागद न मागता, वेगळे पैसे न घेता द्यायचा असा एफटीसीचा (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे. तो घेतल्याशिवाय निघू नका. रूटीन तपासणीत नवीन काही सापडलं, तर पुढच्या चाचण्या आजच करणार की वेगळ्या दिवशी, आणि कुठल्या कार्डावर, हे तिथेच विचारून घ्या. क्लेम चुकीच्या कार्डावर गेला असेल तर ऑफिस तो दुरुस्त करून पुन्हा पाठवू शकतं, पण तुमची तक्रार त्या दिवशीच्या नोंदीत असेल तरच.